तीन वाजता मालवणारं घड्याळ

सावंतवाडीच्या बाजारपेठेत माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. सत्तावीस वर्षांत मी ते सलग आठ दिवस कधी बंद ठेवलं नव्हतं. लग्नकार्याला गेलो तर दोन दिवसांत परत. त्यामुळे यंदा मी आठ दिवस जालन्याला जाऊन आलो, आणि तेही एका घड्याळासाठी, हे ऐकून शेजारचे दुकानदार हसले. त्यांना दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसलो आहे.

वाहुळ गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मराठवाड्यातून आमच्याकडे आले आणि अकरा वर्षं माझ्या दुकानाच्या माडीवर भाड्याने राहिले. पुढे बदली मिळून ते आपल्या जालना जिल्ह्यात, मंठ्याला गेले. "एकदा आमच्याकडं याच, भाई," हे ते दर दिवाळीला फोनवर म्हणायचे आणि मी "येतो की" म्हणायचो. या खेपेला मात्र फोन दिवाळीचा नव्हता.

"भाई, दादा दोनदा पडला," ते म्हणाले. "मिलमधी. उभ्या उभ्या."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, किसन वाहुळ. गुरुजी दहा वर्षांचे असताना वडील गेले. तेव्हा दादांनी जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये काम धरलं आणि धाकट्याला शिक्षक केलं. अजूनही ते तिथेच आहेत. भट्टीत लाल केलेलं लोखंड रुळांतून दाबून त्याच्या सळया काढतात, ते काम.

दोन्ही वेळा चक्कर दुपारी चारनंतर आली होती. डॉक्टरांनी एक दिवस छातीला तारा लावून ठेवल्या. त्या तारा लावून भट्टीपाशी जाता येईना, म्हणून दादा त्या दिवशी घरी बसले आणि काहीच सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, चक्कर येते त्या क्षणाची नाडी मिळाली तर पुढचं ठरवता येईल. दादांची मुलगी सुजाता पुण्यात नर्स आहे. आई वारल्यावर तिने वडिलांना दिवसभर नाडी मोजणारं स्मार्टवॉच पाठवलं होतं. म्हणजे हवी ती वस्तू दादांच्या मनगटावर होतीच. पण ते घड्याळ दुपारी तीनला मालवायचं. रात्रभर चार्ज करा, नवा चार्जर आणा, तीन वाजले की पडदा काळा.

"घड्याळ इकडे पाठवून द्या, मी बघतो," मी म्हणालो.

"घड्याळ तिकडं आन् दादा इकडं, मंग काय फायदा?" गुरुजी म्हणाले. अकरा वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

जालना

घाट चढून आलेल्या माणसाला तिकडे पहिल्यांदा खटकतं ते आभाळ. आमच्याकडे आभाळ माडांच्या मधून तुकड्यातुकड्याने दिसतं. तिथे ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं. काळी रानं, मधे एखादं कडुनिंबाचं झाड, आणि एका गावात उभं राहून पुढचं गाव अख्खं दिसतं. दोन दिवस मला उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

दादांचं घर एमआयडीसीच्या अलीकडच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. मी आत पाऊल टाकलं तर आधी पाण्याचा तांब्या आला. आमच्याकडेही पाणी देतात, पण ते देऊन माणूस आत निघून जातो. दादा समोर उभे राहिले आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत हलले नाहीत. "अजून?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटल्यावर मगच ते बसले. पाणी टँकरचं होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

मी पिशवी उघडली तर घरून आणलेली कोकमाच्या आगळाची बाटली फुटलेली. माझे दोन्ही पांढरे सदरे जांभळे झाले होते आणि अवजारांची डबी चिकट झाली होती. दादांनी सदरे बादलीत बुडवले. छप्पन्न वर्षांचा, उंच, हडकुळा माणूस. चेहऱ्याची उजवी बाजू डावीपेक्षा जास्त काळवंडलेली. त्यांनी स्वतः थापलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही जेवलो. बायको, कौसाबाई, गेल्यावर, चोपन्नाव्या वर्षी, ते भाकरी शिकले. "पयले सहा महिने नकाशे व्हायचे," ते म्हणाले. आता त्या गोल होत्या.

जेवण झाल्यावर त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

तबकडीवर कौसाबाईंचा फोटो होता. कुणाच्या तरी लग्नात काढलेला, उन्हामुळे डोळे बारीक केलेले, हसू नुकतंच येत असलेलं. आकडे त्यांच्या केसांवर उमटले होते. पडदा सतत चालू ठेवलेला. फोटो क्षणभरसुद्धा मावळू नये अशी ती सोय होती.

मी मनातल्या मनात म्हटलं, सापडलं. या जातीच्या पडद्यात काळा रंग म्हणजे विझलेला दिवा. जेवढं काळं, तेवढी बॅटरी वाचते. फोटो लावला की पडद्याचा ठिपका न् ठिपका पेटता राहतो, आणि तो सतत चालू ठेवायचा म्हणजे घरातले सगळे दिवे दिवसभर लावून ठेवल्यासारखं. दुकानात महिन्याला दहा तरी गिऱ्हाइकं हेच दुखणं घेऊन येतात. फुलं, मासे, फिरते ग्रह, नातवंडांचे फोटो. मी त्यांना काळी तबकडी लावून देतो आणि ते दोन दिवसांनी येऊन आभार मानतात.

मी सेटिंग्ज उघडून एकेक गोष्ट बंद करत गेलो. येणाऱ्या प्रत्येक मेसेजला थरथरणं बंद. रक्तातला प्राणवायू मोजणं बंद. नाडी तेवढी चालू ठेवली. पडदा सतत चालू ठेवणं बंद. मग फोटोपाशी थांबलो.

"दादा, हा काढावा लागेल."

गुरुजी खिडकीतून बाहेर बघू लागले. दादांनी मान हलवली. "काढा. डागदरला नाडी लागती. फोटो घरी हाय भिंतीवर."

मी काळी तबकडी लावली. मधे पांढरे आकडे, बाकी काही नाही. घड्याळ हातावर चढवून दादांनी दोनदा मनगट वळवून बघितलं. "टाईम साफ दिसतो," ते म्हणाले. माझ्या समाधानासाठी म्हणाले, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण आपलं निदान बरोबर आलं की माणसाला दुसऱ्याचं तोंड बघायची फुरसत नसते, आणि मी तेव्हा तसाच वागलो.

मंठा

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेले. त्यांनी जाऊ नये म्हणून गुरुजींनी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. दादांचं एकच उत्तर होतं, "घरी बसलं तं चक्कर येतच न्हाई. मंग ते घड्याळ काय लिहीन?" मुकादमाने त्यांना रुळांच्या तोंडावरून हलवून सळया थंड करायच्या जागी टाकलं होतं, तेवढाच दिलासा. मला ते पटत नव्हतं. पण परक्या घरात माझं कोण ऐकणार?

गुरुजी मला मंठ्याला घेऊन गेले. त्यांच्या घरी येसराची आमटी जेवलो. आधी भाजून दळून ठेवलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची ही आमटी, काळपट, झणझणीत. माशांवाचून जेवण म्हणजे शिक्षा असं मानणारा मी दोनदा वाढून घेतली. भात आला तो अगदी शेवटी, मूठभर. आमच्याकडे भातापासून सुरुवात होते, तर तिथे तो जेवण संपल्याची खूण आहे.

साडेतीनला गुरुजींचा फोन वाजला. दादा गेटवरून बोलत होते. सव्वातीनला घड्याळ मालवलं होतं.

सव्वातीन! एका माणसाच्या हातावरून त्याची बायको पुसून मी पंधरा मिनिटं मिळवली होती. मला खरोखर लाज वाटली. गुरुजी "बाजार बघू चला" म्हणून मला बाहेर घेऊन गेले.

कपाशीची पोती आणि बियाण्यांची दुकानं ओलांडल्यावर एका कोपऱ्यात मला माझ्या जातभाईचं दुकान दिसलं. टेबलाएवढी टपरी, डोळ्याला लावायचं भिंग, आणि काचेखाली उघडी पडलेली घड्याळं. मालक रहीमचाचा, सत्तरीचे असावेत. मीही घडीवाला आहे म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुसून दिलं. चहा येईपर्यंत मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. स्मार्टवॉचला हात लावत नाही म्हणाले, पण ऐकत मात्र नीट होते.

"माझ्याकडं एक डायवर यायचा," ते म्हणाले. "दर महिन्याला घडी बंद. तीन बार खोलली, साफ केली. बिलकुल ठीक! मंग एक दिवस त्याच्याच गाडीत, त्याच्या बाजूला बसून परतूरला गेल्तो. तर हा गियर टाकून राह्यला आन् हर बार मनगट दांड्यावर हाणून राह्यला. ठक्, ठक्. त्याला खबर बी न्हाई." त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "भाई, तुम्ही मिलमधी जाऊन बघितलं का त्या माणसाला?"

"नाही."

"मंग तुम्ही घडीचा इलाज करून राह्यले. हात तं बघितलाच न्हाई."

सत्तावीस वर्षं घड्याळं खोलणाऱ्या मला हे दुसऱ्याने सांगावं लागलं. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

एमआयडीसी

रात्री मी जालन्याला परतलो आणि तिसऱ्या दिवशी दादांचा डबा घेऊन मीच मिलवर गेलो. गेटवर सगळ्यांचे मोबाइल एका कपाटात ठेवून घेतात. आत फोन न्यायला बंदी. मुकादम भला माणूस होता. गुरुजींचं नाव सांगितल्यावर त्याने मला शेडच्या दारापर्यंत येऊ दिलं. "या रेघेच्या पुढं न्हाई," तो म्हणाला.

त्या दारात मी अर्धा तास उभा होतो. भट्टीचं तोंड उघडलं की अंगावर झळ येते ती आधी डोळ्यांना लागते. रुळांच्या पलीकडून लाल सळई सापासारखी सळसळत बाहेर पडते, आणि दोन्ही बाजूंची माणसं लांब आकड्यांनी ती ओढून घेतात. आवाज इतका की शेजारचा काय ओरडतो तेही ऐकू येत नाही. थंड करायच्या बाजूला दादा चौथे उभे होते.

सळई आली की ते सगळेच एक गोष्ट करतात. उजव्या हातात आकडा असतो, म्हणून डावा हात कोपरात मोडून डोळ्यांपुढे आडवा धरतात. झळ अडवायला. सळई ओढली की हात खाली. पुढची आली की परत वर. कुणी शिकवलेलं नसावं, कुणाच्या लक्षातही येत नसावं. आणि दादांचा हात वर गेला की मनगटावर लख्ख उजेड पडायचा.

घड्याळाला वाटायचं, मालकाने वेळ बघायला हात उचलला. ते पडदा उजळायचं. त्यात ते भट्टीच्या उजेडाकडे तोंड करून असायचं, म्हणजे त्याच्या लेखी भर दुपारचं ऊन. ते होता तेवढा सगळा प्रकाश लावायचं. मी मोजायला लागलो आणि थोड्याच वेळात सोडून दिलं. मिनिटाला कित्येकदा, सकाळपासून. वर फोन गेटवरच्या कपाटात, त्याला हे घड्याळ दिवसभर शोधत राहणार. आणि ती आग, तापलं की बॅटरी आणखी लवकर उतरते.

त्या दारात उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की परवापर्यंत दर सळईला उजळून निघत होता तो कौसाबाईंचा चेहरा, आणि तो दादांकडे नव्हे, भट्टीकडे तोंड करून. मी रेघेच्या मागे सरकून भिंतीला टेकलो.

संध्याकाळी मी तीन गोष्टी बदलल्या. हात उचलल्यावर पडदा उजळणं बंद केलं, आता बटण दाबलं तरच उजळेल. आपोआप वाढणारा प्रकाश बंद करून सगळ्यात कमी ठेवला. आणि कामाच्या वेळेपुरती फोनशी जोडणी तोडायला दादांना शिकवलं, कारण नाडीची नोंद घड्याळ स्वतःपाशी ठेवतं, घरी आल्यावर फोनला देतं.

मग मी म्हणालो, "दादा, माझी चूक झाली. पडदा विझलेलाच राहणार असेल तर त्यावर काळी तबकडी असो की फोटो, बॅटरीला सारखंच. तो काढायची गरज नव्हती. परत लावू का?"

दादांनी घड्याळ पुढे केलं. "दोन दिवस नुसता टाईम बघून राह्यलो, भाई," ते म्हणाले. "लई हळू जातो."

मी फोटो लावला आणि घड्याळ त्यांच्या हातावर चढवलं.

पुढचे दिवस

चौथ्या दिवशी दुपारी साडेचारला मुकादमाचा फोन आला. दादांना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खाली बसले, पडले नाहीत. शेजारच्या दोघांनी त्यांना ओढून बाजूला घेतलं होतं. मी रिक्षाने पोहोचलो तेव्हा ते गेटवरच्या बाकावर होते, चेहरा राखेसारखा. मी आधी त्यांच्याकडे बघायला हवं होतं, पण माझी नजर मनगटावर गेली. बटण दाबलं. कौसाबाई उजळल्या. अर्धी बॅटरी शिल्लक होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोनवर ती नोंद उघडली. नाडीची रेघ दिवसभर डोंगरासारखी वरखाली, आणि चार वीसच्या सुमारास ती उतरत उतरत तिसाच्या खाली गेलेली. त्यापुढे थोडी मोकळी जागा. रेघच नाही. मग परत सुरू.

"घड्याळावरून कुणी ऑपरेशन ठरवत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आता मी यांना घरी सोडत नाही."

गुरुजी मंठ्याहून धापा टाकत आले होते. ते त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून उभे राहिले. "इथं दादा काय करत होता?" त्यांनी मला विचारलं.

उभे होते, हातात आकडा होता, आणि समोर लाल सळई येत होती, एवढंच मला माहीत होतं. गुरुजी दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि चारचौघांत रडले. मी त्यांच्या शेजारी बसलो.

दवाखान्याच्या यंत्रावर पहाटे तीच गोष्ट पुन्हा दिसली, खाटेवर झोपलेले असताना. मग सगळं भराभर झालं. छत्रपती संभाजीनगरला नेऊन त्यांच्या छातीत, कातडीखाली, नाडी चालती ठेवणारं लहानसं यंत्र बसवलं. सुजाता पुण्याहून आली आणि तिने सगळं हातात घेतलं. मी नुसता बाकावर बसून होतो. सोडताना डॉक्टरांनी बजावलं की आता भट्टीजवळ उभं राहायचं नाही, कधीच. दादांनी ते ऐकलं आणि फक्त डाव्या हाताची बोटं एकदा मिटून उघडली.

आठव्या दिवशी जीपने परत येताना एमआयडीसीच्या रस्त्याला लागल्यावर दादा म्हणाले, "जरा थांबवा. माझा डबा हाय आत."

सुजाता नको म्हणत होती. गुरुजींनी तिला खुणेने थांबवलं. आम्ही तिघं गेटमधून गेलो. मुकादम धावत आला, दादांचा हात हातात घेतला, आणि डबा आणायला स्वतः आत गेला. जाताना अवघडून म्हणाला, "किसनदादा, रेघेच्या अलीकडं थांबा. तुम्हाला आता आत घेता येत न्हाई."

दादा दारात थांबले. मी पाच दिवसांपूर्वी उभा होतो तिथेच. शेड चालू होती. त्यांच्या जागेवर दुसरा कुणी उभा होता. सळई आली, त्याने डावा हात डोळ्यांपुढे धरला, ओढली, हात खाली घेतला. झळ दारापर्यंत आली आणि दादांनी चमकून तोंड बाजूला केलं. मग परत बघितलं. पुढची सळई आली. तिच्या पुढचीही. मुकादम डबा घेऊन आला तरी ते तिकडेच बघत होते.

"एवढ्या जवळ उभा राहात होतो का मी?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी मुकादमाच्या हातातून डबा घेतला आणि छातीशी धरला.

"बत्तीस वर्षं, दादा," ते म्हणाले.